ठमीची घुरघुर

आमच्या जावयाला माणसांचं ऐकायचं वावडं आहे. आपण बोलत असलो की हा खिडकीबाहेर बघणार. पाखरांचं मात्र तासन्‌तास ऐकतो; त्यांचे आवाज रेकॉर्ड करायचाच पगार मिळतो त्याला.

लेक गेली आणि तिची मांजर ठमी माझ्याकडे आली. आजारपणात ठमी लेकीच्या पोटावर झोपायची. तिची घुरघुर खोलीभर भरून राहायची. लेक म्हणायची, "आई, हिच्यामुळे दुखणं जरा लांब राहतं गं." मग ठमीचीही मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मी जावयाला बोलावलं. म्हटलं, "तेवढी घुरघुर धरून ठेवा. बाकी मला तुमच्याकडून काही नको."

आला. मी ठमीला मांडीवर घेतलं. त्यानं पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून बाहेर ठेवलं, माइक तिच्या छातीजवळ आणला. "फाइल मोठीच ठेवलीय, आई. दाबून लहान केली की बारकावे जातात. रेकॉर्डिंगची पातळीही जरा खाली, मध्येच ओरडली तर आवाज फाटायला नको." हेडफोन मात्र गळ्यातच. यंत्रावरच्या हिरव्या पट्ट्या हलताना बघत बसला. काम चोख वाटलं. त्या दिवशी मी त्याला न मागता चहा दिला, म्हणजे बघा.

त्याच आठवड्यात ठमी गेली. मी म्हटलं, "लावा."

श्वास ऐकू आला. "शहाणी गं माझी," असं पुटपुटणारी मी ऐकू आले. घशातली कोरडी खरखर. घुरघुर नाही.

"आवाज वाढवा."

वाढवला. खरखर मोठी झाली.

त्यानं यंत्र तपासलं आणि त्याचं तोंड उतरलं. "लो-कट फिल्टर चालू राहिला, आई. पाखरांसाठी तो कायम चालूच असतो. वाऱ्याचा, गाड्यांचा खर्ज त्यानं गाळला जातो."

"ठमीचा तर सगळाच खर्ज होता!"

"हो."

"मग घाला परत."

"जे आत गेलंच नाही, ते कुठून काढू?"

"हेडफोन कानाला लावले असते तर तेव्हाच कळलं असतं ना?"

त्यानं यंत्र बंद केलं. मग म्हणाला, "लावणारच होतो. पण ती घुरघुर आली की तिची आजारपणातली खोली आठवते. ऐकवलं नसतं मला."

माझ्या पदराला ठमीचे केस चिकटले होते. ते वेचत मी म्हटलं, "मला नाही आठवत ती खोली, जावईबापू? तरी मी ते रोज ऐकलं असतं. भित्रे आहात तुम्ही."