एकशिवाराचा नारळ

भगवानरावांना कीर्तन ऐकू येत नाही, ही गोष्ट अख्ख्या गावात फक्त त्यांच्या बायकोला, इंदुताईंना ठाऊक होती.

दोन वर्षांपासून डावा कान पार बंद, आणि उजव्यात जवळून मोठ्यानं बोललं तरच काही शिरायचं. पण कानात यंत्र घालून देवळात उभं राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. सप्ताह लागला की ते टाळ घेऊन पहिल्या रांगेत उभे. डोळे मृदंगवाल्याच्या हातांवर. थाप पडली की टाळ पडायचा. महाराज हसले की हसायचं, महाराजांचा कंठ दाटला की उपरण्यानं डोळे पुसायचे. आणि ते सोंग नव्हतं बरं. टाळाची थरथर तळहातातून दंडात चढायची, दंडातून छातीत उतरायची. कीर्तन त्यांच्यापर्यंत पोचायचं, शब्द तेवढे वाटेत राहून जायचे.

त्या शब्दांनीच घात केला.

गुलाबी अळीनं कपाशी खाल्ली त्या हंगामानंतरचा सप्ताह. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, लाह्या वाटून झाल्या. दर साली या वेळेला महाराज विचारतात, पुढच्या सप्ताहाची पंगत कोण घेणार? ज्याला घ्यायची त्यानं पुढं जाऊन नारळ उचलायचा, आणि उचललेला नारळ कुणी परत देत नाही. औंदा महाराज फार वेळ बोलले. शेतांकडे हात केले, ओंजळ केली, नारळांच्या टोपलीकडे बोट दाखवलं. मंडळी जागची हलेना. भगवानरावांना वाईट वाटलं. देवाच्या दारी जेवू घालायला एकही माणूस उठू नये? त्यांनी टाळ खाली ठेवला, पुढं झाले आणि नारळ उचलला. महाराजांनी त्यांना उराशीच धरलं. मग एकेक करत आणखी माणसं उठली. एवढ्या पंगती, याचं भगवानरावांना नवलच वाटलं.

घरी आले तर इंदुताई चुलीपुढं, पण चूल थंड.

"काय करून आलात तुमी?"

"पंगत घेतली. पुढच्या साली बुंदी करू."

इंदुताई उजव्या कानाशी आल्या. "पंगत नाही जी घेतली. शेत देल्लं तुमी."

"कोनाले?"

"समद्याईले!"

मग इंदुताईंनी कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. दिग्रसला मास्तरकी करून गावात परतलेल्या विजयमालाबाईंचा तो बेत होता. नाल्याकाठच्या सगळ्या शेतांचं मिळून एकशिवार करायचं. सातबारा ज्याचा त्याच्या नावावर, पण मधले धुरे, म्हणजे बांध, मोडायचे. आधी पोटाचं, ज्वारी, तूर, भाजीपाला. कापूस थोडा आणि देशी. विषाची फवारणी बंद. बैल सामाईक, विहीर सामाईक, पीक वाटून घ्यायचं. महाराजांनी कीर्तनात बाईंसाठी शब्द टाकला होता, नारळ उचलेल त्याचं शेत एकशिवारात, आणि विहीर तेवढी भगवानरावांच्याच शेतात, मधोमध.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात तेच फिरू लागलं.

माझे दोन भाऊ एका विहिरीवर नांदले नाहीत, ही इतकी घरं नांदतील? आणि मोडलं हे उद्या, तर आपलं शेत कुठून सुरू होतं ते कोण दाखवणार? धुरा त्यांच्या तळपायांना पाठ होता. पण पारावरून जावं तर माणसं हात जोडायची. "तुमी उठले म्हनून आमी उठलो, भगवानभौ." ते मान हलवायचे. ऐकू न येणाऱ्याला मान हलवायची सवय लागते, आणि ती सवय आता गळ्याशी आली होती.

एका सकाळी त्यांनी नारळ पिशवीत घातला आणि विजयमालाबाईंचं घर गाठलं. बाईंचा आवाज शाळेतला, खणखणीत.

"बरं झालं आलात! उकंडाचं कळलं का तुम्हाला?"

उकंडा त्यांचा बांधशेजारी. वीतभर धुऱ्यावरून दोघांची बोलचाल तुटलेली.

"त्याच्या संघदीपनं शेताला गिऱ्हाईक आणलं होतं. यवतमाळला ऑटो चालवतो ना पोरगा, बापालाही तिकडेच चला म्हणतो. उकंडानं गिऱ्हाईक परत पाठवलं आणि विहारात उभं राहून सगळ्यांसमोर शब्द दिला. म्हणाला, ज्या माणसानं वीतभर जागेसाठी बोलणं टाकलं त्यानं सारं शेत दिलं, मग मी कशाला मागं राहू?" बाईंचं लक्ष पिशवीकडे गेलं. "हे काय?"

"नारळ."

"अगंबाई, जपून ठेवा हो. धुरा मोडायच्या दिवशी तोच फोडू."

भगवानरावांनी मान हलवली आणि पिशवी घेऊन घरी आले.

नारळ देवघरात बसला. दिवेलागणीला इंदुताई तो कानाशी हलवून बघायच्या. "हाय पानी." त्या चुलीकडे वळल्या की भगवानराव हळूच हलवायचे. त्यांच्या कानाला काय, सगळे नारळ कोरडेच. मग एका संध्याकाळी इंदुताईंनी नारळ हलवला आणि काही न बोलता खाली ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही."

भगवानरावांना कळलं, पाणी गेलं. चारचौघांत फोडला आणि आत नासका निघाला तर? देवाला मंजूर नाही म्हणतील, विस्कटेल सगळं. आणि त्याच क्षणी आतून कुणीतरी हलकेच म्हणालं, नासकाच निघू दे, सुटशील. देवापुढं बसून आपण हे मागतोय, या विचारानं त्यांना रात्रभर डोळा लागला नाही.

धुरा मोडायचा दिवस वैशाखातला. ऊन चढायच्या आत सगळ्यांनी यायचं ठरलेलं. भगवानराव सर्वांच्या आधी पोचले, तर धुऱ्यावर कुदळ घेऊन उकंडा उभा.

"जय भीम, भगवानभौ!" शेतातून शेतात हाका मारून तयार झालेला त्याचा आवाज उजव्या कानात नीट शिरला. "कुठून लावाची कुदळ? तुमच्याकडून का माह्याकडून?"

भगवानरावांनी खांद्यावरची कुदळ उतरवली, नारळ धुऱ्यावर ठेवला. "उकंडा, म्या शेत देल्लंच नाही. मले वाटलं पंगत हाय. मले ऐकू येत नाही रे. दोन सालं झाले."

उकंडाची कुदळ हातातून सुटली.

"मंग मी गिऱ्हाईक काहून परत धाडलं? पोराचे बोलने खाऊन राह्यलो इतके दिवस! कोनाच्या भरवशावर?" तो दोन पावलं गेला आणि थांबला. परत आला. "दोन सालं म्हनलं तुमी?"

"हो."

"म्या हाका मारल्या ना तुमाले. याच धुऱ्यावरून. गेल्या पोळ्यालेबी मारली. म्हनलं, सोडू आता. तुमी सरळ पाठ करून गेले. मी समजलो, रागात हाय बुढा."

भगवानरावांच्या मनात आलं, त्या हाका कुठल्या वाऱ्यावर गेल्या असतील?

पांदणीच्या वाटेनं विजयमालाबाई आणि मंडळी येताना दिसू लागली. उकंडा पुढं झाला, भगवानरावांच्या उजव्या कानाला तोंड लावलं.

"आता आयका. एकशिवारात शेत टाकता का? नाही म्हना, मी कोनाले सांगत नाही. पन या बारी आयकून म्हना."

भगवानरावांनी धुरा पाहिला, वाळलं गवत पाहिलं, आपल्या शेतातली विहीर पाहिली.

"भेव वाटते मले."

"मले का वाटत नसन?"

मंडळी जवळ आली होती. बाईंनी लांबूनच हात वर केला.

"टाकतो," भगवानराव म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू आला नाही म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "टाकलं!"

मग, धीर सुटायच्या आत, त्यांनी नारळ खुणेच्या दगडावर आपटला. पाण्याचा थेंब नाही. वासासाठी नाक जवळ नेलं. नासका नव्हता. पाणी आटून खोबऱ्याचा गोटा झाला होता, पांढरा, करवंटीतून सुटलेला. अर्धा त्यांनी उकंडापुढं धरला, आणि उकंडाचा हात अडखळलेला पाहून म्हणाले, "फोडून देवाले दाखवला नाही अजून, परसाद नाही हा. नुसतं खोबरं हाय."

उकंडानं घेतलं, चावलं. "गोड हाय."

भगवानराव खाली वाकले आणि धुऱ्याच्या कडेला मातीत करवंटी हळूच दाबू लागले.

"खून ठेवता का?" उकंडा वरून म्हणाला.

ते ओशाळले. "सवय हाय रे."

"ठेवा, ठेवा. हे माह्यीबी घ्या." उकंडानं आपली करवंटी पुढं केली. "एखादी कुत्र्यानं नेली तर दुसरी राहीन."

दोन्ही करवंट्या पुरून भगवानराव उठले. मंडळी अवतीभवती उभी राहिली होती, बाई काहीतरी बोलत होत्या, आणि त्यातलं त्यांना अक्षरही कळत नव्हतं. उकंडानं पडलेली कुदळ उचलली तशी त्यांनी त्याच्या हातांवर डोळे ठेवले आणि आपलीही उचलली.