डाग कशाचा?

मित्रांनो, दारात ज्याच्यावर तुम्ही पाय पुसता तो मी नव्हे. मी बैठकीच्या खोलीतला जुना गालिचा आहे. अस्सल लोकरीचा, डाळिंबी रंगाचा.

दोन जावांनी मला एकाच मागावर विणलं. थोरलीचा हात घट्ट, धाकटीचा सैल, म्हणून माझी एक बाजू अजून कडक आहे. मला विकत घेतलं एका बसचालकाने. "दिवसभर पायाखाली लोखंड थरथरतं, घरी तरी मऊ काही हवं," असं ते म्हणायचे. त्यांचा मुलगा माझ्यावर रांगला, कुस्त्या खेळला. "पाय ठेवायला जीव होत नाही हो," म्हणत पाहुणे कडेकडेने चालायचे. पुढे ते कौतुक सरलं. माझ्यावर सोफा आला, कपाट आलं. झाडू वरवर फिरायचा आणि आतली धूळ आतच राहायची.

बसचालकाचे आजोबा झाले. एका दुखण्यानंतर त्यांचा लघवीवरचा ताबा सुटू लागला. खुर्चीतून उठून जाईपर्यंत कधी कधी उशीर व्हायचा आणि वाटेत मी असायचो. सून बिचारी न कुरकुरता साबणाने मला घासायची. पण साबण माझ्यातच राहायचा, त्यावर आणखी मळ बसायचा आणि वास काही हटायचा नाही. पत्ते खेळायला येणारे आजोबांचे मित्र "बघू, येतो" म्हणत येईनासे झाले.

एके दिवशी आजोबा चक्कर येऊन माझ्यावरच पडले. त्यांना तपासून डॉक्टर म्हणाले, "अंगात पाणीच नाही. हे पाणी पीत नाहीत का?"

डॉक्टर गेल्यावर सुनेने विचारलं, "बाबा, रोज तांब्या भरून ठेवते. ते पाणी जातं कुठं?"

"कुंडीत," आजोबा म्हणाले. "प्यालो की गालिचा खराब होतो. मग तुझे हात भरतात."

सुनेने त्यांना पेलाभर पाणी पाजलं आणि आतल्या खोलीत नेऊन निजवलं.

"टाकूनच देऊ हा गालिचा," मुलगा म्हणाला.

"मुळीच नाही. आपल्यामुळे टाकला, असं बाबांच्या मनाला लागेल," असं म्हणून तिने गालिचे धुणाऱ्या बाईंना फोन लावला.

बाई आपलं यंत्र घेऊन आल्या. ओलं पांढरं फडकं कोपऱ्यावर दाबून माझा रंग जात नाही ना, ते त्यांनी पाहिलं. धूळ ओढून काढली. मग त्या मोठ्या डागापाशी बसल्या. "हा कशाचा?"

"चहा सांडला होता," मुलगा घाईघाईने म्हणाला.

खिडकीकडे तोंड करून बसलेले आजोबा वळले. त्यांचे कान लाल झाले होते. "चहा नाही. माझ्या लघवीचा आहे."

बाईंनी हातातली बाटली ठेवून दुसरी उचलली. "बरं झालं बोललात. याचं औषध वेगळं. चहा समजून धुतला असता, तर वास जागचा हलला नसता. आजोबा, मांजराचा डाग लोक सांगतात, बाळाचा सांगतात. मोठ्या माणसाचा असला, की मात्र जिकडेतिकडे चहाच सांडतो!"

आजोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मुलगा ओशाळला आणि तोही हसला.

औषध मुरल्यावर यंत्राने माझ्यात पाणी सोडलं आणि लगेच ओढून घेतलं. टाकीत काळंकुट्ट पाणी जमलं.

"एवढं सगळं माझं?" आजोबांनी विचारलं.

"छे! यात सगळ्या घराचे पाय आहेत," बाई म्हणाल्या. "पुन्हा झालं तर घासू नका. कोरड्या फडक्याने टिपा आणि मला बोलवा."

डागाची कड पुसटशी राहिली, पण वास गेला. मुलाने मला खुर्चीच्या वाटेतून बाजूला सरकवलं आणि भिंतीला धरायला दांडी बसवली.

मित्रांनो, गालिच्याची धूळ वेळच्या वेळी काढा. डाग पडला तर लपवू नका, कशाचा ते सांगून टाका. आणि घरात कोणी तहान मारून बसलं नाही ना, तेवढं बघा.

पंख्याखाली मी अजून वाळतो आहे. आजोबा दुसरा पेला पितायत. सांडलं तर सांडू दे.