सिथोनच्या शिंगांचं पाणी

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी गावाने बुद्धाच्या मूर्ती फुलांच्या पाण्याने धुतल्या. बुआवानने दरवर्षीप्रमाणे ओढ्यावर जाऊन बापाने मागे ठेवलेली जनावराची शिंगं धुतली. नारळाच्या काथ्याने मुळापर्यंत घासली, फडक्यात गुंडाळून काखेत मारली आणि उताराने निघाली. तीस पावलांवर उंबराखाली कुणी परकी पोरगी पाण्यात उभी होती. पिचकारीने ओढ्याचं पाणी एका पांढऱ्या चकतीतून ढकलत होती. बुआवानचा पाय निघेना. पन्नाशीची झाली तरी बाईचा चौकसपणा काही सुटला नव्हता.

"काय सापडतं गं यात?"

"पाण्यावर कोण येऊन गेलं ते, मावशी. लाळ, केस, कातडीचा कण. बाकी आम्ही व्हिएन्तियानला प्रयोगशाळेत जाऊन ओळखतो."

"तोंड न बघता?"

"तोंड न बघता."

"मग आमच्या जावयाच्या अंघोळीचं पाणी गाळून दे. कुठे कुठे जातो ते तरी कळेल."

पोरगी खळखळून हसली. तिचं नाव फोनसाय. ती साओला शोधत होती. लांब सरळ शिंगांचा तो लाजाळू प्राणी कित्येक वर्षांत कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता. बुआवानने बोचकं आणखी घट्ट धरलं आणि ती घरी गेली.

ती शिंगं ती कुणालाच दाखवत नसे. तिच्या बापाने, सिथोनने, ती चाळीस वर्षांपूर्वी रानातून आणली आणि साओलाची म्हणून सांगितली, तेव्हा गाव पोट धरून हसलं. रानबोकडाची आहेत, सीमेपलीकडच्या बाजारातून आणलीत, म्हणाले. म्हातारा थापाड्या म्हणूनच जगला आणि थापाड्या म्हणूनच मेला. लेकीला ते अजून टोचत होतं.

दोन महिन्यांनी फोनसाय धापा टाकत गावप्रमुख खामफेटकाकांच्या घरी आली. साओला सापडला होता. उंबराखालच्या पाण्यात.

खामफेटकाकांनी लगेच तांदळाची दारू काढली. साओला आहे म्हटल्यावर आता वरच्या रानातले शिकाऱ्यांचे फासे निघणार, पगारी गस्तीवर गावातल्या आठ बायका लागणार. त्यात तिथेच बसलेल्या बुआवानचं नाव पहिलं.

"सिथोनला साओला दिसायला बाटली लागायची," काका म्हणाले, "या पोरीला नुसतं पाणी पुरलं."

सगळे हसले. बुआवानही कसंनुसं हसली, पण तिच्या डोक्यात काही भलतंच फिरत होतं.

"मेलेल्या जनावराचंही कळतं का गं पाण्याला?"

"कळतं. जिवंत की मेलेलं, एवढंच ते सांगत नाही. का?"

बुआवान गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागणार होता? आठ घरांत पगार आला असता. पण एका माणसाला खोटं ठरवलं की काय होतं, हे तिने जन्मभर घरात पाहिलं होतं. उद्या ही पोरगीही तशीच खोटी ठरायला नको होती.

"त्या सकाळी मी वर बाबांची शिंगं घासत होते."

फोनसायचा चेहरा पडला. तिने कागद पुढे ओढले. "वरच्या नऊ जागी काहीच नव्हतं. या एकाच जागी कसं, हे मला उमगत नव्हतं."

"जीभ जरा आवरायला काय झालं होतं तुला?" काका तडकले. "आठ जणींचं काम घालवलंस."

बुआवानची मान खाली गेली. मग ती हळूच वर झाली.

"थांब गं. पाण्यात आलं ते शिंगांचंच?"

"दुसरं काय असणार?"

"आणि रानबोकडाचं नाही?"

"छे. रानबोकड वेगळा कळतो. हा साओलाच आहे, मावशी, त्यात शंका नाही."

बुआवानच्या डोळ्यांना धार लागली आणि तिने ती पुसलीही नाही.

"काका, तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं. तिला परत सांगायला सांगू?"

खामफेटकाकांनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो चाळीस वर्षांत गावातल्या एकानेही सिथोनला विचारला नव्हता.

"कुठल्या खोऱ्यात सापडली म्हणाला होता गं तो?"