भुंग्याच्या कपाळाला भंडारा

आधीच सांगून ठेवते, दिराला मारलं ते म्याच. गाव म्हणतंय, विमलबाईच्या अंगात आलतं. कशाचं डोंबलाचं अंगात येतंय? चांगली शुद्धीवर होते मी.

भुंग्या आमचं काळं गावठी कुत्रं. गेल्या साली मी आन् मालक ऊसतोडीला गेलतो, तवा सहा महिने त्याला शेजारी दिराकडं ठेवलं. दीर म्हणजे उत्तरेश्वर. तोंडावर भावजी म्हणते, माघारी उत्तऱ्या. राखणीचं कुत्रं तिखट पायजे म्हणून ह्या बाबानं त्याला साखळीला बांधून रोज टाळक्यात काठी घातली. आमी परत आलो तर भुंग्याचा एक कान फाटलेला, आन् डोक्याकडं हात नेला की दात विचकायचा. पहिल्या दिवशी मलाबी चावला. मी त्याच्यावर रागावले न्हाई. कुणाचा प्रताप हाय ते दिसतच होतं.

त्याला परत माझा करायला दोन महिने लागले. समोरून जायचं न्हाई, वरून हात न्यायचा न्हाई, मिठी तर मारायचीच न्हाई. उंबऱ्याशी त्याच्याकडं पाठ करून गप बसायचं. मग तो आपणहून यायचा, मांडीला ढुशी द्यायचा. तवा खालून छातीला खाजवायचं, मग शेपटीच्या बुडाशी. हात थांबला की पंजानं ओढून परत लावून घ्यायचा. एवढा लाड पोटच्या पोरानं कधी करून घेतला न्हाई माझ्याकडून.

यंदा गुडघ्यानं मला घरी बसवलं, मालक एकटेच तोडीला गेले. चंपाषष्ठी आली. आमच्यात त्या दिवशी खंडोबाचं म्हणून कुत्र्याच्या कपाळाला भंडारा लावत्यात, वांग्याचं भरीत आन् रोडगा चारत्यात. मी म्हणलं, "भावजी, भुंग्याला मी लावते. तुमी हात नका लावू."

"घरात गडी माणूस असताना बाईनं कशाला लावायचा? देवाचं काम हाय, वहिनी."

आन् मूठभर भंडारा घेऊन थेट वरून हात नेला. ज्या हातानं सहा महिने काठी घातली, तोच हात. भुंग्यानं मनगट धरलं ते हाडापर्यंत. हळद रगतानं भिजली. उत्तऱ्यानं आईमाईवरून शिव्या घालत दाराआडची काठी ओढली, शेजारचा गहिनीनाथ कुऱ्हाडीचा दांडा घेऊन धावला. पहिला तडाखा भुंग्याच्या बरगडीवर बसला. दुसरा माझ्या खांद्यावर, कारण मी मधी पडले. भुंग्या अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीला लागून गुरगुरत होता.

"थांबा," मी म्हणलं. "मी शांत करते त्याला. मग बांधा, डॉक्टरला दाखवू. आधी शब्द द्या."

"बरं, दिला," उत्तऱ्या म्हणला आन् काठी खाली टेकवली. गहिनीनाथनं दांडा टाकला.

मी भुंग्याकडं पाठ करून खाली बसले. लई वेळ काहीच न्हाई. मग मांडीला ढुशी लागली. थरथरत होतं लेकरू. छातीला खाजवलं, शेपटीच्या बुडाशी खाजवलं. गुरगुर थांबली. त्यानं मान माझ्या मांडीवर टाकली आन् डोळे मिटले.

तवाच काठी आली. टाळक्यात, एकदाच. कवटी फुटल्याचं मला मांडीला कळलं. दोनदा पाय झाडले त्यानं, संपलं.

"पिसाळलं असतं, वहिनी," उत्तऱ्या म्हणला.

मी त्याच्याच हातातली काठी हिसकली. पहिली त्या चावलेल्या मनगटावर घातली, दुसरी खांद्यावर, पडल्यावर गुडघ्यावर. हाड मोडलेलं ऐकू आलं तरी थांबले न्हाई. गहिनीनाथनं कमरेला धरून ओढलं, तर त्याच्याबी तोंडावर कोपर हाणलं, त्याचा दात पडला. उत्तऱ्या आता बीडला दवाखान्यात पाय वर टांगून पडलाय. कारखान्यावरून मालकांचा फोन आला, "सख्ख्या दिराला मारलंस?" मारलं म्हणलं. परत मारीन.

पर त्यानं माझा जीव काही थंड होत न्हाई. त्या कोपऱ्यातली भिंत कमरेएवढीच हाय. भुंग्या रोज तिच्यावरून उडी मारून शिवारात जायचा. त्या दिवशीबी गेला असता. मी बसले म्हणून तो थांबला.