लोवेलने स्वतःलाच लिहिलेला लिफाफा

मी एक लिफाफा बोलतोय. तोंड फाटलेलंच आहे, तेव्हा बोलायला मोकळा आहे.

आमचं खेडं नेब्रास्कातलं. इथला वारा असा, की एकदा एक पत्र पेटीत न टाकताच पत्त्यावर जाऊन पोचलं होतं. लोवेल स्ट्रॉमक्विस्टनं मला इथंच विकत घेतलं. वय एकसष्ट, शाळेची बस चालवायचा आणि लपूनछपून कथा लिहायचा. त्यानं माझ्यावर स्वतःचंच नाव, स्वतःचाच पत्ता लिहिला, तिकिटं चिकटवली आणि मला दुमडून कथेसोबत दुसऱ्या लिफाफ्यात कोंबलं. मासिकाला कथा पाठवायची रीतच तशी. नकार येतो तो आपल्याच खर्चानं आणि आपल्याच अक्षरात. माणसांची ही हौस मला अजून उमगलेली नाही.

मी पोचलो ओमाहा शहरात, कपडे धुण्याच्या दुकानावरच्या एका खोलीत. संपादक कॉलीन व्हावरा, वय पंचवीस, अंक पहिलाच. आलेल्या कथा धुण्याच्या टोपल्यांत. प्रत्येकाला ती हातानं उत्तर लिहायची.

दुकानाच्या झेलेंकामावशी म्हणाल्या, "अगं, नकाराची छापील चिठ्ठी टाक आणि सुट. तुझ्या शाईपुढं माझा साबण कमी पडायला लागलाय."

"मावशी, माणसानं आपल्या हातानं स्वतःचं नाव लिहून पाठवलंय. त्यात छापील काय घालू?"

लोवेलची कथा तिनं उभ्यानंच वाचली. एकच मुलगी उरलेल्या बसची ती कथा. शेवटचं पान मात्र तिला खटकलं. तिथं लोवेल सगळं समजावत बसला होता. तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या आणि पत्र लिहिलं: "कथा घेतेय. हे पान काढू का? तुम्हाला विचारल्याशिवाय मी एक ओळही तोडणार नाही. पंधरा मार्चपर्यंत कळवा, नाहीतर अंक तुमच्याविना छापावा लागेल." मग पत्र आणि अख्खी कथा, दोन्ही माझ्या पोटात घातली.

इथंच पोरगी चुकली. मुरलेल्या संपादकानं पत्र एकटंच पाठवलं असतं. कारण लेखक लिफाफा वाचत नाहीत, चाचपतात. पातळ म्हणजे होकार, जाड म्हणजे कथा परत.

लोवेलनं मला तळहातावर तोललं. थोरली बहीण ईडिथ स्वयंपाकघरातून बघत होती.

"आला का तुझा लठ्ठ पाहुणा?"

"आला, ताई."

"अरे, उघड तरी!"

"वजन कळतंय की मला. बटाटे काय आतून बघून घेतेस?"

आणि मी गेलो पावाच्या जुन्या डब्यात. तिथं अठरा भाऊबंद होते, सगळे जाड, सगळे बंद. माझ्या पोटात होकार, आणि मला तोंड नाही! मी इतका फुगलो की डब्याचं झाकण टरारून वर आलं. ईडिथनं त्यावर बरणी ठेवली.

दिवस गेले. लोवेलनं टंकलेखन यंत्रावर चादर टाकली.

चौदा मार्चला टपालवाला दारातूनच ओरडत आला. हातात कार्ड होतं, आणि कार्ड वाटेत वाचायचा त्याचा जुना हक्क.

"लोवेलकाका, ती ओमाहाची बाई विचारतेय, हो की नाही? उद्या छापायला जातंय म्हणे! खाली फोन नंबर दिलाय."

"कशाचं हो की नाही?"

ईडिथनं बरणी उचलली. "त्या लठ्ठाला विचार."

लोवेलनं मला फाडलं, ते थेट तिकिटापर्यंत. पत्र दोनदा वाचलं. मग फोनवर इतकंच बोलला, "काढा ते पान, मॅडम. मलाही ते कधी आवडलं नव्हतं."

ईडिथ हसली. तो नाही हसला. डबा पुढ्यात ओढून एकेक भाऊ उघडू लागला. सतरांच्या पोटात छापील चिठ्ठ्याच निघाल्या. अठरावा नऊ वर्षांपूर्वीचा. चिठ्ठीच्या छापील मजकुराखाली संपादकानं शाईनं लिहिलं होतं: "ही नाही जमली. पण पुढची नक्की पाठवा, वाट बघतोय."

"ताई, हे मासिक…"

"बंद पडलं रे. केव्हाच."

त्यानं ती चिठ्ठी माझ्या पोटात घातली. आता मी यंत्राशेजारी असतो. चादर निघाली आहे. रोज बसवरून आला की तो त्या वाट बघणाऱ्यासाठी एक पान लिहितो.

तुमच्याही डब्यात माझे भाऊ असतील. त्यांना तोलू नका. फाडा. आम्हाला दुखत नाही.