नाल्याच्या तोंडचा निवटा

मी एक जुना निवटा आहे. चिखलात उड्या मारणारा, डोळे डोक्यावर असलेला मासा. मासे सहसा जुने होत नाहीत, त्याआधीच खाल्ले जातात. त्यामुळे माझ्या वयाचा मला अभिमान नाही, धास्ती आहे.

मित्रांनो, बोईसरच्या पश्चिमेला एका खाडीत, नाला येऊन मिळतो तिथे माझं बीळ आहे. तिवराचं पान पडून कुजतं, त्या खतावर आणि उन्हावर शेवाळ वाढतं, शेवाळ किडे खातात, किडे मी खातो आणि मला बगळा खातो किंवा माणूस. उन्हाची ताकद अशी पायरीपायरीने वर चढते. पळण्यात, उड्या मारण्यात प्रत्येक पायरीवर बरीचशी खर्ची पडते आणि वर पोहोचते चिमूटभर. ही व्यवस्था मला मान्य होती. खाल्लं जाणं ही आमच्या घराण्याची परंपराच आहे. लोक आमच्या कालवणाची तारीफ करायचे तेव्हा ऊर भरून यायचा.

मग नाल्यातून तांबडं पाणी येऊ लागलं. कुठून, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि विचारलं तर कोणालाच नाही. त्यातलं विष शेवाळात गेलं, किड्यांत गेलं. उडी मारली की ताकद खर्च होते, विष होत नाही. असंख्य किड्यांची ताकद मी उधळून टाकली. त्यांचं विष मात्र अंगात साठत गेलं.

काल खाडीकाठी राहणाऱ्या सुलूबायचा हात माझ्या बिळात शिरला. तिची लेक वैभवी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे आणि तिला निवट्यांचे डोहाळे लागले आहेत.

बांधावरून शेजारचा दामू ओरडला, "सुलूबाय, नाल्याच्या तोंडचे नको काढू गं! वास येतो."

"तुला तुज्या बनियनचा तरी येतो काय?" सुलूबाय म्हणाली. "बग कशे उडतात! उडतो तो चांगला. आमची आय हेच सांगायची."

पोटात विष असलं तरी उडता येतं, हे तिला कोण सांगणार? मला तोंड आहे, पण ते खाण्यापुरतं.

म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी उडी मारली नाही. टोपलीत अंग सैल सोडून पडून राहिलो. घरी वैभवी पोट सांभाळत खाली बसली, अंगाचा चिकटा निघावा म्हणून तिने टोपली राखेत उपडी केली आणि मला बोटाने ढोसलं.

"आये, ह्यो मेला."

"मंग टाक मागं खाडीत."

मी पाण्यात पडलो. मागे राखेत माझी भाचरं मनापासून उडत होती.

"आये, बग ना, कशे ताजे हायत!" वैभवी हसली. थोड्या वेळाने फोडणीचा वास आला.

मित्रांनो, आम्हांला खाऊ नका, असं मी म्हणत नाही. खा. पण नाल्यात सोडलेलं खाडीत संपत नाही. ते पायरी चढत तुमच्या ताटात येतं, आणि वैभवीच्या ताटात सध्या दोघं जेवतात.

कालवण तिला फार आवडलं म्हणे. सुलूबाय उद्या पुन्हा येणार आहे. मी उरलेल्या पोरांना मेल्यासारखं पडून राहायला शिकवतो आहे. समजतं त्यांना सगळं. पण लहान आहेत. अंगाला हात लागला की उडतात.