बोरी नदीतला टाचेचा गोटा

मी एक जुना काळा गोटा आहे. मित्रांनो, आज मी गुळगुळीत दिसतो, पण जन्मतः चांगलाच धारदार होतो. नळदुर्गाच्या वरच्या अंगाला, बोरी नदीकाठच्या कड्याचा मी एक कोपरा. दिवसा ऊन तापवी, रात्री गारवा आवळी. भेगा पडल्या, भेगांत पावसाचं पाणी शिरलं, मग एका झाडाचं मूळ. एका पावसाळ्यात मी सुटलो आणि धाडकन नदीत पडलो.

तेव्हा मला नदीचा फार राग आला. तिने मला लोळवलं, आपटलं, माझा कोपरान् कोपरा झिजवला. पुढे पात्रातल्या कातळावर एका लहानशा खाचेत मी अडकलो. दर पुरात पाणी मला तिथेच गरगर फिरवी. मी झिजे, खालचा कातळही झिजे. किती पिढ्या गेल्या कोण जाणे! त्या खाचेचा खोल रांजण झाला, आणि उन्हाळ्यात नदी आटली तरी त्यात पाणी राहू लागलं. मी झिजलो तेवढी पाण्याला जागा झाली. तेव्हापासून नदीवरचा माझा राग गेला.

उन्हाळ्यात गावच्या बायका मला बाहेर काढून काठावर ठेवत. घागरी भरून झाल्या की माझ्यावर टाचा घासत, आणि पायांना लावून उरलेली हळद माझ्याच अंगाला पुसत. मी पिवळाधमक होई. मला त्याचं भारी अप्रूप वाटे.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. रस्त्याला खडी हवी म्हणून मुकादम बब्रुवान गडी आणि सुरुंगाची दारू घेऊन आमच्या कातळावर आला. मला पाहताच त्याने घाईघाईने वहाणा काढल्या. पाण्यात राहणाऱ्या सात देवींना, साती आसरांना, आमच्याकडे लोक फार भितात, आणि काठावरचा हळद लावलेला दगड म्हणजे आसराच.

"आसराची जागा हाय ही! सुरुंग लावू नका," तो म्हणाला. मला हायसं वाटलं. तोच तो पुढे म्हणाला, "ह्यो खड्डा बुजवा. वर चौथरा बांधून देवीला बसवू."

दगडाला काळीज नसतं म्हणतात. माझं मात्र धस्स झालं.

पाण्याला आलेली चन्नम्मा हे ऐकत होती. गप्प राहावं तर रांजण बुजणार, खरं सांगावं तर सुरुंग लागणार. तिने भरलेली घागर खाली ठेवली, बसली आणि सगळ्यांदेखत माझ्यावर खसाखसा टाच घासली.

"आसरा न्हाय मुकादम, टाचेचा गोटा हाय त्यो. पर वैशाखात आमची लेकरं हेच पाणी पितात. बुजवू नका, अन् फोडू बी नका."

बब्रुवान ओशाळून हसला. चन्नम्माने त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो पोटभर प्यायला, मग वहाणा घालत गड्यांना म्हणाला, "चला, पल्याडच्या टेकाडाला. इथं लई जण पितात."

मित्रांनो, माझं देवपण घटकाभरही टिकलं नाही, पण चन्नम्माचे उपकार मी जन्मभर मानीन. तुम्हाला कधी कातळात असा रांजण दिसला तर त्यात काचा, चिंध्या टाकू नका. मला नमस्कार केला नाहीत तरी चालेल. तुमच्या मागून कुणीतरी घागर घेऊन येत असतं.